दोन नंबर मोठे बूट आणि पीटीचा तास

जून उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. सुट्टीत कोणते व्यायाम करून घ्यायचे, असं विचारणारे आईबाबा आता शाळेच्या बुटांबद्दल विचारू लागतात. मिरजेत लहान मुलांच्या फिजिओथेरपीचं काम करते आहे त्याला यंदा पंचवीस वर्षं झाली. अपंगत्व असलेलं मूल मैदानात उतरतं की कट्ट्यावर बसून इतरांचा खेळ बघतं, हे कितीतरी वेळा त्याच्या पायातल्या बुटावर ठरताना मी पाहिलं आहे. म्हणून या महिन्याचं सदर सगळंच्या सगळं पावलांसाठी.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे दोन्ही पायांत ताठरपणा आहे, पण आपला आपण चालतो. टाचा टेकत नव्हत्या म्हणून मार्चमध्ये गुडघ्याखालचे प्लास्टिकचे स्प्लिंट दिले. शाळेला काळे बूट लागतात. स्प्लिंटसकट पाय आत जाईना, म्हणून दोन नंबर मोठे घेतले, तर आता पावलापावलाला अडखळतो. शाळेतल्या बाई म्हणतात, स्प्लिंट घरीच घालत जा. काय करू?
— एक आई, बार्शी

स्प्लिंट शाळेतच हवेत. मूल दिवसभरात सगळ्यात जास्त उभं राहतं आणि चालतं ते शाळेत. तिथे काढून ठेवायचे आणि घरी टीव्हीसमोर बसताना चढवायचे, यातून काही साधत नाही. बाईंना हा अंक दाखवलात तरी चालेल.

आता बुटांचं. आपल्याकडे बुटांचे नंबर बहुतेक ब्रिटिश मापाने असतात आणि त्यात एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर मोठे घेतलेत, म्हणजे लांबी पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास वाढवलीत. स्प्लिंटला एवढी लांबी लागत नाही. त्याला लागते रुंदी, आणि टाचेभोवती, घोट्यापाशी, पावलाच्या वरच्या अंगाला मोकळी जागा. लांबी नको तितकी वाढली की बूट जिथे वाकायला हवा ती जागा बोटांच्या मुळाशी न येता पुढे सरकते आणि बुटाचं रिकामं टोक जमिनीला लागत राहतं. तो आधी अडखळत नव्हता आणि आता अडखळतो, म्हणजे दोष बहुधा त्या रिकाम्या टोकाचा आहे. अर्धा ते एक नंबर मोठा, पण रुंद बूट बहुतेक मुलांना पुरतो.

माप दुकानात घेऊ नका, घरी घ्या. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पावलं थोडी फुगतात. मोजे आणि स्प्लिंट चढवून मुलाला जाड पुठ्ठ्यावर उभं करा. बसवून घेतलेलं माप खोटं ठरतं, अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांभोवती रेघ ओढा. सगळ्यात पुढे जे असेल, मग ते बोट असो की स्प्लिंटची कड, त्याच्यापुढे सेंटिमीटरभर जागा सोडून पुठ्ठा कापा. हा पुठ्ठा बुटात घातल्यावर सपाट बसला पाहिजे. कडा वर दुमडल्या तर तो बूट अरुंद आहे, दुकानदार काहीही म्हणो. एका वडिलांनी मला ही पावलं कापून दाखवली होती, तेव्हापासून मी प्रत्येक मुलाची तारीख घालून ठेवते. कपाटाचा एक अख्खा कप्पा पुठ्ठ्याच्या पावलांनी भरला आहे. मूल किती वाढलं, हे त्यांच्यावरून मला कुठल्याही फाइलपेक्षा लवकर कळतं.

बूट निवडताना आतली गादी निघते का ते आधी बघा. ती काढली की स्प्लिंटला हवी ती उंची मिळते आणि एवढ्यावरच अनेकांचा प्रश्न सुटतो. दुसरं म्हणजे बूट पार बोटांपर्यंत उघडायला हवा, जीभ पूर्ण मागे पडायला हवी. स्प्लिंटमध्ये घोटा वाकत नाही, त्यामुळे आपण जसा पाय तिरका करून बुटात सरकवतो तसा तो सरकत नाही. तळ सपाट आणि रुंद असावा. फार चिकट, खोल खाचांचं रबर असलं तर पाय ओढत चालणाऱ्या मुलाचा बूट फरशीला धरतो आणि ते पुढे तोंडावर पडतं. शाळेसाठी चकचकीत लेदरचेच बूट हवेत असा हट्ट असेल, तर मुख्याध्यापकांना भेटा आणि काळ्या रंगाचे वेलक्रोचे खेळाचे बूट चालवून घ्या म्हणावं. मी अशी पत्रं दर जूनमध्ये लिहून देते, तुमच्या थेरपिस्टही देतील.

घालताना घाई नको. मोजा सुती, स्प्लिंटच्या वरच्या कडेच्याही वर येईल इतका लांब, आणि एकही सुरकुती नसलेला. मुलाचा गुडघा वाकवा, त्याने पोटरीचा ताण सैल होतो. टाच स्प्लिंटमध्ये अगदी मागेपर्यंत बसवा आणि घोट्याचा पट्टा सगळ्यात आधी आवळा. पोटरीचा पट्टा आधी लावला तर टाच वरच राहते आणि दिवसभर घासत राहते.

संध्याकाळी स्प्लिंट काढल्यावर उजेडात पावलं बघायची : टाच, दोन्ही घोट्यांची हाडं, करंगळीची बाजू. थोडी लाली दिसणारच. वीस-तीस मिनिटांत ती ओसरली तर काळजी नको. नाही ओसरली, किंवा फोड दिसला, तर दुसऱ्या दिवशी स्प्लिंट घालायचे नाहीत आणि ज्यांनी बनवले त्यांच्याकडे जायचं. हे मी इतकं ठासून सांगते, त्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आईने मला सांगितलं होतं, की मुलगा स्प्लिंट घातला की रडतो. मी म्हटलं, नवीन आहे, होईल सवय. पुढच्या आठवड्यात ती त्याला घेऊन आली तेव्हा घोट्याच्या हाडावर रुपयाएवढी जखम होती. ती भरायला दीड महिना लागला आणि तेवढा काळ तो मुलगा चालला नाही. तेव्हापासून ‘होईल सवय’ हे शब्द मी कुठल्याही आईला म्हणाले नाही. रडतो म्हणजे दुखतं, असं धरून मोजा उतरवायचा आणि बघायचं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. त्याला खेळू द्या. व्यायामाने ताठरपणा वाढतो, असं पूर्वी आम्हालाही शिकवत असत. ते आता मागे पडलं आहे. ताठर स्नायू बहुधा अशक्तही असतो आणि त्याला ताकदीची गरज असते. तीनचाकी सायकल, पाण्यात खेळणं, जिना चढणं, गच्चीवर चेंडू लाथाडणं, यातलं जे त्याला आवडेल ते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींबद्दलच्या शिफारशी नव्याने दिल्या, त्यात अपंगत्व असलेल्या पाच ते सतरा वर्षांच्या मुलांचाही वेगळा विचार केला आहे. त्यांच्यासाठीही सरासरी रोज साठ मिनिटं, श्वास थोडा वाढेल अशी हालचाल सांगितली आहे. ती साठ मिनिटं सलग नको आहेत. दहा-दहा मिनिटांची बेरीज चालते, आणि आज जमत असेल त्यापेक्षा थोडं जास्त, हीच सुरुवात.

प्रश्न : आमची नात पाच वर्षांची आहे. डाऊन सिंड्रोम आहे. अडीच वर्षांची असताना चालायला लागली. पावलं अगदी सपाट आहेत, ओल्या पायांनी चालली तर फरशीवर आख्खं पाऊल उमटतं. कुडाळला दुकानदाराने कमान असलेले ऑर्थोपेडिक बूट दाखवले, किंमत साडेतीन हजार. आमच्या घरी मूल अंगणात अनवाणीच खेळतं. आम्ही चुकतो आहोत का?
— एक आजोबा, सिंधुदुर्ग

आजोबा, अंगण बंद करू नका. माती, वाळू, शेणाने सारवलेली जमीन यांवर चालताना बोटं जमिनीला धरतात आणि पावलाचे छोटे स्नायू कामाला लागतात. १९९२ साली दोन भारतीय अस्थितज्ज्ञांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पावलं ८.६ टक्के निघाली आणि अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. ज्या मुलांचे सांधे जात्याच सैल होते त्यांच्यात हा फरक सगळ्यात ठळक होता, आणि पुढून बंद बुटांपेक्षा सँडल-चपला बऱ्या ठरल्या. ती पाहणी डाऊन सिंड्रोमच्या मुलांची नव्हती, त्यामुळे तिचे आकडे तुमच्या नातीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण अंगणाची भीती बाळगू नका, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

तिची पावलं सपाट दिसतात, कारण या मुलांचे सांध्यांभोवतीचे बंध सैल असतात आणि स्नायूंची ताठी कमी असते. एक तपासणी तुम्ही घरीच करा. तिला खिडकीला धरून चवड्यांवर उभं राहायला सांगा, वरच्या गजाला काहीतरी टांगा आणि घे म्हणा. चवड्यांवर गेल्यावर पावलाला कमान आली आणि टाच आतल्या बाजूला वळली, तर पाऊल लवचीक आहे. लवचीक पाऊल दुखत नसेल तर महागड्या बुटांनी त्यात कायमची कमान तयार होत नाही. साडेतीन हजार वाचवा. कमान आलीच नाही, किंवा ती थोडं चालल्यावर बसून घेते, उचलून घ्या म्हणते, रात्री पाय चेपून मागते, तर मात्र अस्थितज्ज्ञांना दाखवा. ही मुलं दुखतं असं शब्दांत सांगतीलच असं नाही. बसून घेणं हीच त्यांची तक्रार असते. अशा वेळी बुटाच्या आत घालायचा आधार किंवा घोट्यापर्यंतचा छोटा स्प्लिंट खरोखर उपयोगी पडतो, पण तो तिच्या पावलाचं माप घेऊन केलेला हवा.

बाहेर जाण्यासाठी घोट्यापर्यंत येणारा, मागची टाच दाबली तर न चेपणारा, पुढून रुंद बूट घ्या. डाऊन सिंड्रोमची पावलं आखूड आणि रुंद असतात, अंगठा आणि शेजारच्या बोटात फट असते. लांबीला बसतो तो बूट रुंदीला आवळतो, आणि रुंदीला बसतो तो पुढे लोंबतो. मुलींचे नक्षीचे बूट बहुधा अरुंदच निघतात, म्हणून मुलग्यांच्या फळीवरचेही बघा. अंगठ्याच्या चपला नकोत, पावलाला काहीच धरत नाहीत.

खेळात एकच सावधगिरी, पण ती मोठी आहे. या मुलांपैकी काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. बालरोगतज्ज्ञांनी मान तपासून हो म्हणेपर्यंत कोलांटउड्या आणि डोक्यावर भार येणारे खेळ नकोत. चांगली चालणारी मुलगी अचानक धडपडू लागली, मान एका बाजूला धरू लागली किंवा लघवीवरचा ताबा गेलेला दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकी नाच, झोपाळा, समुद्रावरची वाळू, सगळं करू द्या. तुमच्या दारात समुद्र आहे.

प्रश्न : मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. तिसरीत एक मुलगी आहे, जन्मतः पाठीवर गाठ होती, ऑपरेशन झालं आहे. स्प्लिंट आणि वॉकर घेऊन चालते. हुशार आहे. पीटीच्या तासाला आम्ही तिला लिंबाखाली बसवतो आणि गुण लिहायला देतो. मार्चमध्ये तिच्या तळव्याला मोठा फोड आला, तिला कळलंही नाही. आता आई म्हणते, हिला मैदानात नेऊच नका. काय करावं?
— एक शिक्षक

सर, तुम्ही पत्र लिहिलंत यातच त्या मुलीचं अर्धं काम झालं. आईची भीतीही खरी आहे, आधी तिच्याबद्दल बोलू.

पाठीवरची ती गाठ म्हणजे स्पायना बायफिडा. मज्जारज्जू नीट बंद न झाल्यामुळे पायांकडे जाणाऱ्या नसा दुबळ्या राहतात. चालण्यातला अडथळा सगळ्यांना दिसतो, तळव्याला स्पर्श कळत नाही हे मात्र कुणाला दिसत नाही. खडा टोचला, बूट चावला, फरशी भाजली, तर तुम्ही-आम्ही पाय उचलतो. ती उचलत नाही. विदर्भातल्या मार्चमधल्या दुपारी शाळेच्या सिमेंटच्या ओट्यावर अनवाणी काही मिनिटं पुरतात.

आणि इथे मला आपल्या एका चांगल्या रीतीबद्दल बोलावं लागतं. आपल्या शाळांत वर्गाबाहेर चपला काढून ठेवतात. या मुलीला त्यातून सूट द्या. तिचे बूट वर्गात, परिपाठाला, पोषण आहाराच्या पंगतीत, सहलीत देवळाच्या तापलेल्या फरशीवरही पायातच राहिले पाहिजेत. देवळात काढावेच लागले तर जाड मोजे आणि सावली. आत वापरायची एक वेगळी स्वच्छ जोडी शाळेत ठेवलीत तर कुणाचा आक्षेपही राहणार नाही. इतर मुलांना कारण सांगा. मुलं पटकन समजून घेतात आणि मग तीच तिची राखण करतात.

आईला चार सवयी लावून द्या. बूट घालण्याआधी उपडा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा. खडा, सुटलेला टाका, विंचू, काहीही असू शकतं. रात्री पावलं बघायची, तळवा आणि बोटांच्या मधली जागासुद्धा. मुलगी आठ-नऊ वर्षांची आहे, तर छोटा आरसा देऊन तिलाच बघायला शिकवा. हे काम तिला जन्मभर करायचं आहे. आंघोळीचं पाणी पायाने कधीच अजमावायचं नाही, कोपराने अजमावायचं, आणि चुलीजवळ पाय पसरून बसायचं नाही. नवीन बूट पहिल्या दिवशी अर्धा तास, मग काढून बघायचं, मग हळूहळू वाढवायचं. बुटाच्या आत मऊ थर हवा. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांसाठी आपल्याकडे एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला वर्षानुवर्षं बनतात. तेच रबर या मुलांच्या बुटात, स्प्लिंट बनवणाऱ्यांना दाखवून, घालता येतं. त्या फोडाची जागा आता कशी आहे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. जखम असेल तोवर त्या पावलावर भार नको.

आता लिंबाखालचा विषय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधलं कलम १६ शाळेला सांगतं, की या मुलांना प्रवेशात भेदभाव नको आणि शिक्षणासोबत खेळाच्या आणि करमणुकीच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायच्या. गुण लिहिणं ही खेळाची संधी नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांनी पाळीपाळीने गुण लिहावेत, त्यात तिचीही पाळी यावी.

तिचे हात, खांदे, पोट चांगले असतील, ते वापरू या. लगोरीत चेंडू मारणारी तीच होऊ दे, हवं तर बसून, बाकीच्यांसाठी रेघ दोन हात मागे घ्या. लेझीम खुर्चीत बसून उत्तम होते, मी स्वतः बसवून घेतली आहे आणि रांगेत तीन खुर्च्या होत्या. वॉकर घेऊन धावण्याची शर्यत लावायची तर तिची शर्यत तिच्या कालच्या वेळेशी लावा. तास सकाळी पहिल्या प्रहरात घ्या आणि सावलीच्या बाजूने. फुगे फोडण्याचे, फुगे उडवण्याचे खेळ मात्र या मुलीसमोर नको. लहानपणापासून ऑपरेशन्स झालेल्या या मुलांना फुग्याच्या, हातमोज्याच्या रबराची ॲलर्जी असण्याचा धोका जास्त असतो आणि ती गंभीर होऊ शकते.

आईला पहिल्या दिवशी मैदानावर बोलवा. खेळ संपल्यावर तिच्यासमोर बूट काढून पावलं दाखवा.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न आहे. सतत चवड्यांवर चालतो. बूट घातले की फेकून देतो, शाळेत अनवाणी ठेवत नाहीत. रोज सकाळी युद्ध होतं.
— एक बाबा, ठाणे

युद्ध कशाशी आहे ते शोधा. पुष्कळदा ते बुटाशी नसतं, मोज्याच्या बोटांवरच्या शिवणीशी असतं. मोजा उलटा करून, शिवण बाहेर ठेवून घालून बघा. बुटाच्या जिभेवरचं लेबल कापा. काहींना सैल स्पर्श सहन होत नाही, घट्ट चालतो. त्यांच्या वेलक्रोचा पट्टा जरा आवळला की मूल शांत होतं. नवे बूट आठवडाभर खेळण्यांत नुसते पडू द्या. मग झोपाळ्यावर बसताना पाच मिनिटं, रोज त्याच वेळी. एखादी जोडी त्याने स्वीकारली तर त्याच बुटाचे पुढचे दोन नंबर आजच घेऊन ठेवा, कंपन्या दरवर्षी बूट बदलतात.

चवड्यांवर चालणं स्वमग्न मुलांत बरंच दिसतं. त्याला झोपवून, गुडघा सरळ ठेवून, पाऊल हळूच वर ढकला. काटकोनाच्या पुढे येत असेल तर वेळ आहे : उताराच्या फळीवर उभं राहून चित्र काढणं, बेडूकउड्या, टाचांवर पेंग्विनसारखं चालणं. काटकोनापर्यंत येत नसेल तर पोटरी आखडली आहे आणि अस्थितज्ज्ञांना दाखवायला हवं.

आणि हे सगळ्याच पालकांसाठी. मूल आधी टाचा टेकून चालत होतं आणि आता चवड्यांवर गेलं, किंवा एकाच पायावर तसं चालतं, किंवा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या गुडघ्या-मांड्यांवर हात टेकत उठतो आणि त्याच्या पोटऱ्या भरदार दिसतात, तर सवय म्हणून सोडून देऊ नका. स्नायूंचा आजार असू शकतो. लगेच डॉक्टर.

प्रश्न : बाळाची पावलं जन्मतः आत वळलेली होती. प्लास्टर झाली, टाचेची शीर सोडवली, आता सरळ आहेत. चौदा महिन्यांचा आहे. रात्री दांडीचे बूट घातले की रडतो. सासूबाई म्हणतात, पाय सरळ झाले, आता कशाला छळता?
— एक आई, वसई

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की आडव्या दांडीने एकमेकांना जोडलेले हे बूट आता सोडले तर पावलं पुन्हा वळण्याची भीती मोठी आहे. तुमच्या बाळाचे उपचार झाले त्या पोन्सेटी पद्धतीत प्लास्टर हा पहिला टप्पा. शेवटच्या प्लास्टरनंतर तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि नंतर झोपेत, साधारण चार-पाच वर्षांचा होईपर्यंत दांडी, हा दुसरा. पाऊल परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे हा दुसरा टप्पा अर्ध्यावर सोडणं.

रडतो तेव्हा आधी टाच बघा. फोड किंवा न ओसरणारी लाली असेल तर टाच खाली बसलेली नाही, पट्टा पुन्हा लावा, किंवा बूट लहान झाला आहे. पायांना तेल चोळून बूट घालू नका, त्वचा मऊ पडून सोलवटते. पावलं ठीक असतील तर रडणं एकेक पाय वेगळा हलत नाही याचं आहे. दांडीला धरून दोन्ही गुडघे एकत्र वाकवा, सरळ करा, गाणं म्हणा. दोन्ही पाय एकदम मारायचे असतात, हे त्याला उमगलं की शांत होतो. बूट लहान झाले असतील तर पैशांसाठी थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. तो कार्यक्रम २०१३ साली तुमच्या पालघरमधूनच सुरू झाला होता. अंगणवाडीत येणाऱ्या त्याच्या पथकाला विचारा.

प्रश्न : मुलाला उजव्या बाजूचा अर्धांग आहे. उजवं पाऊल ११ नंबरचं, डावं १३ चं. दर वेळी दोन जोड्या घेणं परवडत नाही.
— एक आई, कोल्हापूर

फरक एखाद्या नंबराचा असता तर मोठ्या पावलाच्या मापाने एकच जोडी घेऊन लहान पावलाच्या बुटात गादी आणि जिभेखाली फोमचा तुकडा घाला म्हटलं असतं. टाचेमागे बोळा मात्र कधी कोंबायचा नाही, पाऊल पुढे ढकललं जाऊन बोटं दुमडतात. दोन नंबरांच्या फरकाला दोन जोड्याच हव्यात. उजवा पाय आखूडही असेल तर तो डॉक्टरांकडून मोजून घ्या. सेंटिमीटरभर वाढ आतून बसते, त्याहून जास्त हवी तर बाहेरून सोल चढवायचा. लिहून दिलेलं माप नेलंत तर कोपऱ्यावर बसणारे चप्पल-बूट शिवणारे मामाही तो नीट चढवून देतात.

खर्चाचं बघू. याच महिन्यात साताऱ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. तिच्या मुलीचं डावं पाऊल ११ चं आणि उजवं १३ चं, म्हणजे तुमच्या बरोबर उलट. दोघींनी मिळून ११ ची एक आणि १३ ची एक जोडी घेतली तर चारही बूट वापरले जातील. तिची परवानगी घेतली आहे. तुमचीही असेल तर संपादकांना कळवा, ते तुमचा नंबर तिला देतील. शाळेचे काळे बूट लगेच जमतील. खेळाच्या बुटांचा रंग मात्र मुलांना ठरवू द्या. साताऱ्याच्या मुलीने आईकडून पत्रात मुद्दाम लिहून घेतलं आहे, की तिला निळे हवेत.